पिंजऱ्यातला भिमाजी

जुन्नरच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली गेणभाऊ टाइपरायटर घेऊन बसत. पण आपल्या गावात, राजुरीत, त्यांची ओळख वेगळी होती. यात्रेतल्या नाटकाचे नायक वर्षानुवर्षं तेच. आवाज असा, की शेवटच्या रांगेलाही लाउडस्पीकर लागत नसे.

१९९२च्या नाटकात ते वकील झाले होते. आरोपीच्या तीन वाक्यांसाठी माणूस मिळेना, म्हणून त्यांनीच आपल्या बालमित्राला, भिमाजीला, पिंजऱ्यात उभं केलं. नाटक संपल्यावर पुण्याहून आलेल्या एका दिग्दर्शकानं गेणभाऊंशी हात मिळवला आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "तो आरोपी कोण?"

भिमाजी पुण्याला गेला. अकरा वर्षांनी त्याचा सिनेमा जुन्नरच्या टॉकीजला लागला. कोर्टाचाच. भिमाजी नायक, मुलाचा गुन्हा अंगावर घेणारा बाप.

गेणभाऊ बायकोला, अंबाबाईला, घेऊन गेले. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांना बरं वाटायला लागलं.

"जज हातोडा आपटतोय! आपल्या कोर्टात कुणी पाहिलाय का हातोडा?"

"गप बसा की."

"अन् ह्यो साक्षीदार दार ढकलून थेट आत? यादीत नाव नको का?"

सिनेमा पडणार, याची त्यांना खात्री झाली. तेवढ्यात वकिलानं भिमाजीला नाव विचारलं. भिमाजीनं तळवे सदऱ्याला पुसले. तोंड उघडलं, आणि सांगू का, अशा नजरेनं आधी जजकडं पाहिलं.

गेणभाऊ खुर्चीत पुढं सरकले. अशी माणसं त्यांच्यासमोर रोज उभी राहत. वीस वर्षं त्यांनी त्यांची नावं टाइप केली होती, मान वर न करता. कोर्टाची पायरी न चढलेल्या भिमाजीला हे दिसलं कुठून?

शेजारी अंबाबाई पदरानं डोळे पुसत होती. नवऱ्याच्या एकाही नाटकात ती रडली नव्हती.

"एवढं काय हाये त्यात?"

"तुमाला न्हाई कळायचं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी काम बंद ठेवून ते एकटेच पुन्हा टॉकीजला गेले.

पुढच्या आठवड्यात भिमाजी गावी आला तो थेट ताडपत्रीखाली. "गेणभाऊ, पिक्चर बघितला का?"

गेणभाऊंनी हातोडा काढला, साक्षीदार काढला, एका दुपारीत लागलेला खुनाचा निकाल काढला. चांगल्या अकरा चुका मोजून दाखवल्या. भिमाजी मान हलवत ऐकत राहिला.

"खरंय, लई फसलाय राव. आन मी?"

गेणभाऊंनी मशीनमध्ये कोरा कागद घातला, तो सरळ करत राहिले.

"तुझी चूक हुडकायलाच दुसऱ्यांदा गेलो व्हतो," ते अखेर म्हणाले. "घावली न्हाई."

भिमाजीचे डोळे भरून आले. "चल, चहा घेऊ."

"तू जा. मला काम हाये," गेणभाऊ म्हणाले, आणि मान खाली घालून टाइप करू लागले.