आतून लावलेली कडी

तळेगावजवळच्या आंबीतल्या ज्या कारखान्यात मी चौदा वर्षं प्रशासनाचं काम करते, तिथे आगीचा सराव नेहमीचाच होता. भोंगा वाजला की सगळे गप्पा मारत मैदानात जमायचे, डोकी मोजून झाली की परत कामाला. बंदूक घेतलेला माणूस आत शिरला तर काय करायचं, याचा सराव मात्र कधी झाला नव्हता. परदेशातल्या मुख्य कार्यालयातून तसा आदेश आला तेव्हा आमचे व्यवस्थापक हसले. "मावळात कोण येणार आहे बंदूक घेऊन?" म्हणाले. पण आदेश पाळायलाच हवा होता, आणि ते काम माझ्या टेबलावर आलं.

शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार लोणावळ्याहून यायचे. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचं हसू थांबवलं.

"पळता आलं तर पळा. नाही जमलं तर लपा, दार लावा, दिवे घालवा, फोनचा आवाज बंद करा. तेही नाही जमलं तरच अंगावर जा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एकदा कडी लावली की उघडायची नाही. बाहेरून कुणी हाका मारल्या, कुणी रडलं, तरी नाही. त्याच्या मागे तो बंदूकवाला उभा असू शकतो. एकासाठी उघडलंत तर आतले वीस जातील."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

सरावाची यादी मी केली. नोकरीत कायम असलेले सगळे तिच्यात होते. कॅन्टीनची, सफाईची माणसं कंत्राटी, ती नव्हती. त्यांना कंत्राटदार सांगेल असं ठरलं. मी त्याला मेसेज टाकला. त्याने तो वाचल्याची खूण दिसली आणि मी पुढच्या कामाला लागले.

आम्हाला चहा देणाऱ्या मावशी पन्नाशीच्या होत्या. कामशेतच्या वर डोंगरात ठाकरांची वाडी आहे, तिथून पहाटे चालत खाली यायच्या, लोकलने तळेगाव, तिथून कंपनीची बस. मी घोरावाडीला राहते, दहा मिनिटांत पोचते. तरी माझ्या आधी त्या हजर असायच्या. माझ्या चहात साखर कमी लागते हे त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

सरावाच्या दिवशी सकाळी त्यांनी कप ठेवला आणि म्हणाल्या, "आज लय गप गप हाये सगळी. सायेब येनार हायेत का कुनी?"

अकरा वाजता काय होणार आहे, ते मला माहीत होतं. वेळ गुप्त ठेवा अशी सूचना होती. कंत्राटदाराने सांगितलंच असेल, असंही मनात आलं. मी म्हटलं, "नाही हो मावशी, कामं आहेत."

अकराला स्पीकरवरून इंग्रजीत सूचना झाली. लगेच खालच्या मजल्यावर पत्र्याच्या पिंपात सुतळी बॉम्ब फुटले. आम्ही सतरा जण बैठकीच्या खोलीत शिरलो. दाराजवळची जबाबदारी माझी होती. मी कडी लावली, दिवे घालवले, टेबल आडवं लावलं. सगळे भिंतीला टेकून खाली बसले.

तेवढ्यात बाहेर भांडी पडल्याचा आवाज आला. मग दारावर थापा.

"म्याडम! दार उगडा! कुनीतरी गोळ्या घालतंय वो! म्याडम, मी हाय!"

आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. माझा हात कडीवरच होता. शेजारच्या सहकाऱ्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही. पुन्हा पिंपात बॉम्ब फुटला, या वेळी जिन्याजवळ. मावशींच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी कधी ऐकला नव्हता. त्या दाराला अंग घासत होत्या, ते मला लाकडातून जाणवत होतं. मग पावलं दूर पळत गेली, मागच्या जिन्याकडे.

मी हे खरं असल्यासारखं वागले, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. सराव आहे हे मला पक्कं माहीत होतं. उघडलं असतं तर एकही माणूस मेला नसता. आमच्या खोलीला नापास करतील एवढंच झालं असतं. तेवढं टाळण्यासाठी मी दार उघडलं नाही.

वीस मिनिटांनी सराव संपल्याची सूचना झाली, तीही इंग्रजीत. मैदानात डोकी मोजली. यादीबरोबर जुळली. बैठकीच्या खोलीचं विशेष कौतुक झालं. सुभेदार माझ्याजवळ आले. "बाहेर बाई होती ना? चांगली केली तिने भूमिका."

"ती भूमिका नव्हती," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "यादीत नव्हती ती?"

"नव्हती."

"यादी कुणी केली?"

"मी."

ते वळून पळतच आत गेले, त्यांच्या मागे मी.

कॅन्टीनच्या मागे धान्याची कोठी आहे. तिचं दार आतून बंद होतं. मी हाका मारल्या. "मावशी, मी आहे. सगळं खोटं होतं. सराव होता. दार उघडा."

आतून अगदी बारीक आवाज आला. "न्हाई. तुमच्या मागं तो असंल."

सुभेदार भिंतीला हात टेकून उभे राहिले. शेवटी कॅन्टीनमधल्या भाकऱ्या करणाऱ्या बाई आल्या. त्या मावशींच्याच वाडीतल्या. त्या दारापाशी बसून घरचं काहीबाही बोलत राहिल्या, तेव्हा कडी निघाली. मावशी तांदळाच्या पोत्यांमागून बाहेर आल्या. जिन्यात पडून डावं मनगट मोडलं होतं, उकळत्या चहाने मानेपासून दंडापर्यंत कातडी सोलली होती. इतका वेळ त्या कण्हल्याही नव्हत्या.

अहवालात 'ओल्या जिन्यावरून पाय घसरला' असं लिहिलं गेलं. व्यवस्थापकांनी कागद पुढे केला, मी सही केली. त्या आठवड्यात मला धड झोप नव्हती. शेवटी मुख्य कार्यालयाला मी वेगळा अहवाल पाठवला, सगळं खरं लिहून, यादी माझी होती हेही. मला लेखी ताकीद मिळाली, कंत्राटदार बदलला, उपचारांची व्यवस्था झाली.

महिन्याभराने मी वाडीवर गेले. मावशी अंगणात बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये, मानेवरची नवी कातडी गुलाबी. त्यांच्या सुनेने पाणी दिलं. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, मग विचारलं, "तुमी दाराशीच हुतात न्हवं?"

"हो."

"मला वळखलं हुतं?"

"हो."

"आन खरंच कुनी आलं असतं तर? तवा उगडलं असतं?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "नसतं उघडलं," मी म्हटलं.

त्या खाली मातीकडे बघत राहिल्या. "मंग आता हितं यिऊ नगा," एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी उठले. सुनेने वाट दाखवायला चार पावलं सोबत केली.

त्या कामावर परत आल्या नाहीत. लोणावळ्यात कुठेशी चिक्कीच्या पाकिटांना चिठ्ठ्या लावतात, असं भाकरीवाल्या बाईंकडून कळलं.

आता आमची सूचना मराठीत होते, हिंदीतही. सरावाच्या आदल्या दिवशी मी स्वतः फाटकापासून बागेपर्यंत प्रत्येकाला तोंडी सांगते, परत म्हणून घेते. फटाके बंद केले. कोठीला, शौचालयांना, कॅन्टीनला चांगल्या कड्या बसवल्या.

नव्या माणसांना शिकवायचं काम हल्ली माझ्याकडेच आहे. गेल्या आठवड्यात सफाईच्या एका बाईंनी हात वर केला. "बाहेर आपल्यातलंच कुनी ऱ्हायलं असंल तर?"

नियम बदललेला नाही, आणि तो चुकीचा आहे असं मला आजही म्हणता येत नाही. "तरी उघडायचं नाही," मी सांगितलं. त्यांनी हात खाली घेतला, आणि सूचनांचा पुढचा भाग मला शेजारच्या सहकाऱ्याला वाचायला द्यावा लागला.