पाणी कोण सोडतं?

आमच्या सहलीची वाळू आठवडाभर बॅगांमधून निघत होती. किस्से अजून निघताहेत. कुरखेड्याच्या आमच्या कॉलेजात दोन जण चहाला भेटले की एखादा नवा सांडतोच.

शिकायला बारा गावं फिरून मी इकडे शिकवायला परत आले, ती पोरांना जग दाखवायचं ठरवूनच. म्हणून बी.एस्सी.च्या वर्गाला खाडीचा अभ्यास करायला थेट कोकणात नेलं. वाटलं होतं, पहिल्यांदा समुद्र दिसला की पोरं गप्प होतील. बस थांबली. रोशननं कपाळावर हात धरून चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, याची पाळ कुठी आहे?"

धानाच्या गावचा पोरगा. पाणी दिसलं की तलाव, तलाव म्हटला की मातीच्या बांधाची पाळ आली, आणि पाणी सोडण्यावरून भांडणंही.

*

खाडीत सकाळी नुसता चिखल होता. दुपारी तिथेच होड्या तरंगायला लागल्या. रोशन जाळं विणणाऱ्या एका काकांजवळ जाऊन बसला.

"काका, पानी कोन सोडते?"

"चंद्र," काका म्हणाले.

रोशननं वर आभाळाकडे पाहिलं. मग काळजीनं म्हणाला, "मंग तुम्ही भांडता कोनासंग?"

*

आमच्याबरोबर रहीमचाचाही होते. कुरखेड्यात त्यांचं गाद्या भरायचं दुकान. त्यांची शबाना वर्गातली सगळ्यात हुशार. खाडीकाठच्या ज्या कॉलेजच्या रिकाम्या होस्टेलमध्ये आम्ही उतरलो होतो, तिथेच तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. चाचांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. "पयले पाहून येतो," म्हणाले आणि गाडीत बसले.

किनाऱ्यावर पोरांनी त्यांना ओढलं. "चाचा, पाय तं भिजवा."

चाचांनी बूटही काढले नाहीत. "मी जागा पाहाले आलो," म्हणाले, "पानी नाई."

*

खारफुटीत पक्षी मोजायचे होते. मी चार वेळा बजावलं, आवाज करायचा नाही. झाडीत शिरताच संगीतानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मागून सगळा वर्ग हाका मारत निघाला. खाडी पार रिकामी झाली.

मी चिडले. संगीता शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं झुडपात गप जाते त्याले अस्वल भेटते."

"इथे अस्वल नाही, संगीता."

"त्याले मालूम आहे का?"

तिच्या रिपोर्टमध्ये पक्ष्यांच्या रकान्यात लिहिलं होतं: 'होते. उडाले.'

*

खेकड्यांचं मात्र जमलं. पावलांची चाहूल लागली की ते बिळात जातात, म्हणून शबानानं ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलं आणि ती चिखलात पालथी पडून राहिली. ओढणी, कोपर, हनुवटी, सगळं चिखलात. हळूहळू खेकडे बाहेर आले. एक तर तिच्या हाताच्या बोटांवरून गेला. ती हलली नाही.

चाचा माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "घरी हे पोरगी पाच मिनट एका जागी बसत नाई."

*

संध्याकाळी चाचांनी होस्टेलच्या बाईंची उलटतपासणी घेतली. पाणी केव्हा येतं, दाराला आतून कडी आहे का, ताप आला तर कोण बघतं. जेवताना मी त्यांच्यासमोर बसले. प्रवासभर एक भाषण पाठ केलं होतं. मुलींचं शिक्षण, संधी, उद्याचं जग, सगळं होतं त्यात.

"चाचा, मला एक सांगायचंय..."

"जेवा, मॅडम."

मी जेवले. मग त्यांनीच विचारलं, "तुम्ही बाहेर शिकत होत्या, तं घरी कितीक यायच्या?"

"दिवाळीला," मी म्हणाले. "एकदा तेही जमलं नाही."

चाचांनी मान हलवली, हात धुतला आणि निघून गेले. शबाना ताटातल्या भाताकडे बघत बसली.

रोशन माझ्या कानाशी आला. "मॅडम, दर मयन्याले म्हनाचं होतं न."

*

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी उठताच मी ठरवलं, चहाच्या आधी चाचांना गाठायचं आणि भाषण पूर्ण करायचं. ते जेवा म्हणोत नाहीतर झोपा म्हणोत.

चाचा खाली नव्हते. पोरं शेवटचं पाणी बघायला किनाऱ्यावर गेली होती. मी वर मुलींच्या मजल्यावर गेले. एका खोलीच्या दारात शबाना उभी होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं, खेकड्यांच्या वेळी ठेवलं होतं तसंच.

आत चाचा बूट काढून गुडघ्यांवर बसले होते. होस्टेलची गादी त्यांनी गुंडाळून भिंतीला लावली होती आणि रिकामी खाट वितीनं मोजत होते. आधी लांबी, मग रुंदी. परत एकदा लांबी.

मी घसा खाकरला.

"मॅडम," मान वर न करता चाचा म्हणाले, "इथली हवा ओली आहे. कापूस बसून जाते. थोडा जास्त भरा लागन."