दोनदा हात आपटला की सोडायचं

पहिल्याच झुंजीत मी मॅट सारखी करायला गेलो. तिचा एक कोपरा वर आलेला दिसला, कुणी अडखळेल असं वाटलं, आणि संसारी माणसाच्या सवयीनं मी हात लांब करून तो दाबला. समोरच्यानं तोच हात दोन्ही मांड्यांत धरून कोपरातून उलटा ताणला. मी किंचाळलो. समोरचा म्हणजे माझा वीस वर्षांपासूनचा मित्र.

"ध्यान किदर है अंकल?" उस्ताद ओरडले. आमचे उस्ताद माझ्या पुतण्याच्या वयाचे. "जहाँ पकड़ है वहाँ देखो. मॅट मैं देख लेतूँ."

उदारीकरणात आमचा सरकारी कारखाना बंद पडला, तेव्हा मी आणि मित्र एकाच दिवशी बाहेर पडलो आणि एकच अर्ज दोघांनी उतरवून माधापूरच्या एका परदेशी कंपनीत चिकटलो. तिथं पगार वाढला, पोट वाढलं आणि मित्र माझा साहेब झाला. पोटावर उपाय म्हणून बरकतपुऱ्यातल्या तळघरातलं हे ब्राझिलियन जुजुत्सू त्यानंच शोधून काढलं. पन्नाशीतले दोन गृहस्थ आठवड्यातून तीनदा एकमेकांचे गळे आवळायचे आणि नंतर कोपऱ्यावर चहा प्यायचे. नियम एकच, पण सोवळ्यासारखा पाळायचा: समोरच्यानं दोनदा हात आपटला, तुमच्या अंगावर नाहीतर मॅटवर, की त्याच क्षणी सोडायचं.

सोडण्याची वेळ माझ्यावर सहसा यायची नाही. लक्षच टिकत नसे. गळ्याभोवती त्याचा हात पडला की मला गॅसचा नंबर लावायचा राहिल्याचं आठवे.

मग एका दुपारी ऑफिसातल्या मुलीनं मला खुर्चीत बसवून न मागता पाणी दिलं आणि एक कागद पुढ्यात ठेवला. प्रत्येक विभागातून एक नाव कमी करायचं होतं. आमच्या विभागातून माझं. कागदाखाली मित्राची सही होती, आठ दिवसांपूर्वीची. त्या आठ दिवसांत आम्ही तीनदा झुंजलो होतो, तीनदा चहा प्यायलो होतो.

संध्याकाळी तरीही तळघरात गेलो. नोकरी काही परत मिळणार नव्हती. पण मित्रानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, एवढंच मला हवं होतं.

"मुँह कायकू लटका है यारा?" पट्टा बांधता बांधता त्यानं विचारलं.

"कुछ नहीं. ऑफिस में क्या नया?"

"कायका नया? वहीच रोना," म्हणाला, आणि हसला.

त्या झुंजीत मला गॅस आठवला नाही, घर आठवलं नाही. त्याच्या जाड सदऱ्याची कॉलर तेवढी दिसत होती. ती दोन्ही मुठींत आली, मनगटं त्याच्या गळ्यावर बसली. "हौ अंकल, ऐसाच! देखो, आज ध्यान है!" उस्ताद खूश झाले.

मित्राचा हात माझ्या पाठीवर आपटला. एकदा. पुन्हा एकदा. मला ते नीट कळलं, मी मोजलंसुद्धा. मग तो हात मॅटवर आपटू लागला. मी सोडलं नाही. उस्तादांनी माझं बखोट धरून मला मागं ओढलं.

मित्र बराच वेळ खोकत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बोलनेवालाच था मैं. ज़बान नहीं उठी."

मी चपला शोधत बसलो.

घरी बायको वालाच्या शेंगा सोलत होती. तिला नोकरीचं सांगितलं आणि तळघरातलंही.

"भावजींनी हात आपटला ते तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

तिनं आणखी चार शेंगा सोलल्या.

"नोकरी गेल्याचं मी उद्याच माहेरी फोन करून सांगेन, त्यात कसली लाज?" ती म्हणाली. "पण अहो, हे मला कुणालाच सांगता येणार नाही."