तीनशे चाळीस मीटर

विजेच्या तारा जमिनीखालून नेणार असं ठरलं तेव्हा वाडीची बैठक देवळात भरली आणि कागद वाचायला मला पुढे बसवलं. मी मोजणी खात्यात आहे. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधांवर फीत ताणत आलोय, त्यामुळे वाडीत कुठलाही आकडा आला की तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. कागदावर होतं: चर साडेतीन फूट खोल, तळाला वाळू, त्यावर केबल, केबलवर विटांचा थर, मग माती. मी सगळं मोठ्याने वाचलं. कोणीतरी म्हणालं, "मग काम बघायचं तूच." मी हो म्हटलं.

केबलची सगळ्यांत जास्त गरज माझ्याच घरात होती. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. एकतीस वर्षं मुंबईत कपडे रंगवण्याच्या कारखान्यात काढून, फुप्फुसं खराब करून घेऊन तो गावी परत आला. इथली हवा चांगली म्हणून आला. घराच्या मागच्या अंगाला काजूच्या बाजूने खिडकी ठेवून त्याने स्वतःसाठी एक खोली बांधली. "आता इथून उचलाल ते एकदाच," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या उशाशी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन असतं. दिवसाचे सोळा तास ते लागतं, आणि ते विजेवर चालतं. इन्व्हर्टरवर पावणेचार तास. त्यानंतर लहान सिलिंडर, मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास. हा हिशोब मी भिंतीवर लिहून ठेवला होता. वर्षातून तीन-चारदा तरी आमची लाइट सिलिंडर संपत येईपर्यंत यायची नाही, आणि तेवढ्या वेळा आमच्या घरात कोणी धड जेवायचं नाही.

चर रस्त्यापासून देवळापर्यंत खणला गेला तेव्हा मी मोजणीच्या कामाला दापोलीला होतो. चार दिवसांनी परत आलो तोवर तो बुजवूनही झाला होता. खालच्या बाजूला भातजमीन, मऊ माती. मशीन सरसर गेलं असणार. देवळाच्या वर मात्र सडा सुरू होतो. वीतभर मातीखाली सगळा कातळ. देवळापासून आमच्या घरापर्यंत तीनशे चाळीस मीटर, आणि त्या पट्ट्यात आम्ही अकरा घरं.

कातळावर मशीनचे दात तुटायला लागले. मुकादम घाटावरचा होता. तो म्हणाला, "साहेब, हा दगड आहे का लोखंड? दोन फुटांवर केबल टाकतो, वर काँक्रीट ओततो. काय होणार नाही."

"कागदावर साडेतीन आहे."

"कागद पुण्यात बसून लिहिलाय."

मी फीत घेऊन चरात उतरलो. दर दहा मीटरला मोजलं. एक फूट अकरा इंच, दोन फूट, एक फूट दहा, सगळ्यांत खोल दोन फूट तीन. वहीत लिहिलं, खाली सही केली. देवळाशेजारी राहणारे काका, नात्याने लांबचे पण आमच्यात मोठे, चराच्या काठावर उभे होते. म्हणाले, "अरे मेल्या, तार गाडायची आहे, विहीर खणायची नाही. जाऊ दे त्यांना पुढे."

संध्याकाळी दादाला सांगितलं तर तो नाकातली नळी सारखी करत म्हणाला, "दोन फुटांतून वीज उसळी मारून वर येते काय रे?"

"उद्या कोणी खांबाला खड्डा मारला, कोणाची पहार लागली तर?"

"या कातळात पहार मारणारा कोण आहे, तो एकदा दाखव मला."

मी तक्रार लिहिली. बेचाळीस ओळींची, मापांच्या तक्त्यासह. मला वाटत होतं की कमी खोलीवर सही करणं म्हणजे दादाच्या श्वासाशी खेळणं. पंधरा दिवसांनी वीजवाल्यांचा अधिकारी आला. त्याने स्वतः मोजलं, माझी मापं बरोबर निघाली. त्याने माझं कौतुकही केलं. मग कातळ फोडायचा दर वेगळा मंजूर करावा लागेल असा शेरा मारून काम थांबवलं. ठेकेदाराने मशीन गाडीवर चढवून पालीच्या बाजूला दुसऱ्या कामावर नेलं. ते परत आलं नाही. चरात पावसाचं पाणी साठलं, काकांचं वासरू त्यात पडलं, तेव्हा आम्हीच तो दगडमातीने बुजवला. देवळापर्यंतची केबल सुरू झाली, आमच्या पट्ट्यात तारा खांबांवरच राहिल्या.

पुढच्या मे महिन्यात वादळ आलं. दुपारी चारला लाइट गेली. सात चाळीसला इन्व्हर्टर ओरडायला लागला. मी सिलिंडर लावला आणि दोनवरचा काटा दीडवर आणला, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी बारा वीसपर्यंत पुरणार होता. दादाला सांगितलं नाही, पण त्याने माझा हात पाहिला होता. "किती काढलंस?" त्याने विचारलं. "अर्धा लिटर." "बरं," म्हणाला, आणि डोळे मिटून बसून राहिला. आडवं झालं की त्याला धाप लागायची. ओठांचा रंग बघायला मी दर अर्ध्या तासाने टॉर्च मारत होतो.

सकाळी साडेदहाला वारा उतरला. बाहेर येऊन पाहिलं तर आमच्या अकरा खांबांपैकी नऊ आडवे. रस्त्यावर आंबा, फणस, त्यांच्या खाली तारा. रत्नागिरीहून सिलिंडर येण्याची सोय नव्हती. जनरेटर एका घरी होता, त्यात पेट्रोल नव्हतं. अकरा वाजता देवळाकडून काकांची हाक आली. "खाली लाइट आली! त्याला घेऊन या!"

प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. आम्ही चौघांनी दादाला उचललं. माझी बायको सिलिंडर छातीशी धरून बाजूने चालत होती. पडलेल्या झाडांवरून खुर्ची या हातातून त्या हातात द्यावी लागत होती. तीनशे चाळीस मीटरला पस्तीस मिनिटं लागली. काकांच्या ओटीवर मशीनची पिन लावली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

काकींनी चहा दिला. तिसऱ्या दिवशी दादाला थोडं बरं वाटत होतं तेव्हा काकांनी विचारलं, "फीत आणली आहेस की घरीच राहिली?" दादा हसला, हसताना त्याला खोकला आला, आणि काकी काकांवर ओरडल्या, "तुम्ही गप बसा हो जरा!"

देवळापाशी एक फणस मुळासकट उपटला होता. त्याच्या खड्ड्यात लाल केबल उघडी पडलेली मला दिसली. फीत माझ्या खिशात होतीच. मोजलं. एक फूट दहा इंच. वाळू नाही, विटा नाहीत. नुसती मातीत टाकलेली. परत जाऊन दादाला सांगितलं.

"म्हणजे त्या एक फूट दहा इंचावर मी जगतोय."

"होय."

"आणि इथून माझी खोली किती लांब म्हणालास?"

"तीनशे चाळीस मीटर."

"एवढंच," तो म्हणाला.

त्याने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मी उत्तर तरी देऊ शकलो असतो. मी तयारही ठेवलं होतं: नियम, मापं, अधिकाऱ्याचा शेरा. सगळं माझ्या बाजूचं होतं.

आमची लाइट एकोणिसाव्या दिवशी आली. तेवढे दिवस काकांच्या घरातली पाच माणसं आतल्या एका खोलीत झोपली. दादाला घरी आणलं. पाचव्या दिवशी तारेवर फांदी पडली आणि लाइट नऊ तास गेली; कधी येईल ते कोणी सांगेना. पुन्हा खुर्ची, पुन्हा बांबू, पुन्हा काकांची ओटी. या वेळी तो वाटेत माझ्या बायकोला म्हणाला, "काय गो, मला म्हणजे पालखीच केलीत तुम्ही."

दुसऱ्या दिवशी त्याने मला जवळ बसवलं. "मला मुंबईला पोरीकडे सोड."

"तिथली हवा तुला चालणार नाही, दादा. दहा बाय अकराची खोली, समोर नाला."

"हवा वाईट आहे, पण मशीन बंद पडत नाही." नाकातली नळी सारखी करून म्हणाला, "लोकांच्या ओटीवर किती वेळा बसायचं रे? तीस दिवस सलग लाइट टिकली इथे, चार तासांच्या वर एकदाही गेली नाही, की फोन कर. येतो मी."

मी अटीचा अर्थ नीट विचारून घेतला. चार तास म्हणजे सलग की एकूण? सलग, तो म्हणाला. तेवढ्यात त्याला माझं हसू आलं. न्यायला आलेल्या पोरीबरोबर स्टेशनवर त्याला चढवलं तेव्हा पिशवीतला सिलिंडर त्याने मांडीवर घेतला होता. खिडकीतून त्याने हात केला नाही, हात सिलिंडरवर होते.

मी वीजवाल्यांना पत्र लिहिलं की कमी खोलीला माझी हरकत नाही. खोलीच्या रकान्यात लिहिलं, 'जी निघेल ती.' चोवीस वर्षांत माप न लिहिता मी सही केलेला तो एकच कागद. उत्तर आलं की कामाची मुदत संपली आहे, नव्याने प्रस्ताव करावा. तो केला. त्यालाही आता एक पावसाळा होऊन गेला.

दादाच्या खोलीत कॅलेंडर टांगलं आहे. लाइट टिकलेल्या दिवसांवर मी आकडा घालतो आणि चार तासांच्या वर गेली की पुन्हा एकपासून सुरू करतो. आजवर सगळ्यांत जास्त एकोणीस झाले होते. या खेपेला चोवीसपर्यंत गेलो. बायकोने त्याची गादी उन्हात टाकली, मी मशीन लावायचं सॉकेट तपासलं. पंचविसाव्या दिवशी वारासुद्धा नव्हता. कुठेतरी जोड जळाला म्हणाले. साडेसहा तास.

दादाचा फोन रोज संध्याकाळी सातला येतो. मागे त्याच्या मशीनचा आवाज चालू असतो. तब्येतीचं तो काही सांगत नाही, आवाज मात्र महिन्या-महिन्याला बारीक होतोय.

"आज कितवा?" दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं.

"पहिला," मी म्हटलं.