रिकाम्या वॉर्डाचं कॉलेज

"कॅटेगरी काय तुझी?"

पार्ल्याच्या हॉलमध्ये माइक हातात धरून सरांनी मला हे विचारलं. मी उभी होते. हॉल गच्च भरलेला. मेडिकलला कुठलं कॉलेज निवडायचं, यावर क्लासवाल्या सरांचं फुकट मार्गदर्शन होतं. माझा प्रश्न साधा होता. ज्या नव्या कॉलेजचं तुम्ही एवढं कौतुक करताय, त्याच्या हॉस्पिटलात रोज पेशंट किती येतात?

"एससी," मी म्हटलं.

"मग तुला कशाला गं एवढ्या चौकशा? तुमचं काय, कुठंही लागून जाईल. फी पण सरकार भरणार. चला, नेक्स्ट."

लोक हसले. सगळे नाही. पण ऐकू येईल इतके. शेजारी आई होती, सकाळची ड्यूटी करून थेट आलेली. तिनं माझी ओढणी खाली खेचली. "बस खाली. तमाशा नको." मी बसले.

मला राग यायला हवा होता. नाही आला. मला भीती वाटली. पुढच्या रांगेतल्या पोरांचे काका, मामा, आत्या डॉक्टर. त्यांना कुठलं कॉलेज कसं, हे जेवता जेवता कळतं. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. मी विचारणार कुणाला? या माणसालाच. आणि तो माणूस आता चिडला होता.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी आम्हाला आत बोलावलं. आत ते गोड बोलले. आईला खुर्ची दिली. एक छापील यादी माझ्या हातात ठेवली. त्यात ते नवं कॉलेज एक नंबरला. माझ्या मार्कांना लागू शकेल असं दूरच्या जिल्ह्याचं सरकारी कॉलेज सहा नंबरला.

"सर, सरकारी खाली का?"

"तिथं हुशार पोरं असतात. तू दबून जाशील. दोनदा नापास झालीस की घरी बसशील. तुझ्या भल्याचं सांगतोय."

आईनं हात जोडले. मी थँक्यू म्हटलं. ते थँक्यू मला अजून टोचतं. कारण मी ते मनापासून म्हटलं होतं. हॉलमध्ये लोकांसमोर माझी अब्रू काढणारा माणूस आत बोलावून दोन शब्द बरे बोलला, आणि मी विरघळले. त्यात तो म्हणाला तेच मला स्वतःबद्दल आधीपासून वाटत होतं. दबून जाईन. नापास होईन.

घरी वाकोल्याला येऊन मोबाइलवर कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरला. सरांच्या क्रमानं, जसाच्या तसा. लॉक करायला तीन दिवस होते. लॉक केला की क्रम बदलता येत नाही, संपलं. वरचं नाव लागलं की खालच्या नावांना कोण विचारतो? पुढची सगळी वर्षं त्या एका बटणात होती. फोनची स्क्रीन उघडायची, बघायची, बंद करायची.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "बघून येऊ."

"काय बघणार? आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"कॉलेज नाही कळत. वॉर्ड कळतो ना."

आई म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात सोळा वर्षं आया आहे. गल्लीत कुणाला कुठं ॲडमिट करायचं झालं की लोक आधी आमच्या दारात येतात. आई बोर्ड वाचत नाही, डॉक्टरचं नाव विचारत नाही. ती जाऊन तिथल्या आयाला भेटते. डॉक्टर गोड बोलेल, काउंटरवाला थापा मारेल, पण आया दमलेली आहे की नाही ते तिच्या तोंडावर दिसतं, असं तिचं म्हणणं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मला ते अडाणीपणाचं वाटायचं, हेही सांगून टाकते.

मुंबईबाहेर एसटीनं अडीच तास. काचेची इमारत, गेटवर फुलझाडं. कुणी हटकलं तर? आईनं सरळ केसपेपर काढला. "गुडघे दाखवायचेत." खोटं नव्हतं, तिचे गुडघे गेलेलेच आहेत. साडेअकरा वाजले होते आणि आमचा नंबर होता नऊ. आईच्या हॉस्पिटलात त्या वेळेला रांग गेटबाहेर आलेली असते.

वरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड. खाटा ओळीनं. गाद्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पेशंट एकही नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर एक आया मेथी निवडत बसली होती. आई तिच्याशेजारी टेकली आणि न विचारता चार काड्या हातात घेऊन निवडायला लागली.

"पेशंट कुठं गेले, बाई?"

"कॉलेजची तपासणी करायला वरून साहेब आले की येतात. आसपासच्या गावांतनं गाडी भरून आणतात. जेवण घालतात, संध्याकाळी सोडतात. मागच्या टायमाला माणसं कमी पडली, तर मलाच झोपवलं. पोटात दुखतंय म्हणून सांग, म्हणाले."

ती हसली. आईपण हसली. मी गाद्यांवरचं प्लास्टिक बघत होते. फॉर्मवर एक नंबरला मी हे नाव लिहिलं होतं. इथं मी कुणाचं पोट चाचपून बघायला शिकणार होते? प्लास्टिकचं?

परत आल्यावर आईनं आपल्या वॉर्डातल्या एका डॉक्टर मॅडमना गाठलं. त्या त्याच दूरच्या सरकारी कॉलेजात शिकल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तिथं हाल आहेत. खाटा पुरत नाहीत, खाली गाद्या टाकतो. पण टाके घालायला मी तिथंच शिकले." आईनं हे मला शब्द न गाळता सांगितलं, दोनदा.

शेवटच्या दिवशी सरांचा फोन आला.

"लॉक केलंस का?"

"सर, तिथं पेशंट नाहीत. मी बघून आले. वॉर्डात मेथी निवडतात."

सर म्हणाले, "तुम्हा लोकांचं भलं करायला जावं तर हे असं. डॉक्टर व्हायचंय की पेशंट मोजायचेत?"

"पेशंट मोजूनच डॉक्टर व्हायचंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. लगेच सरकारी कॉलेज एक नंबरला आणलं. नवं कॉलेज यादीतून काढून टाकलं. लॉक केलं.

आज मी त्या सरकारी कॉलेजात आहे. भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या परीक्षेत काठावर पास झाले तेव्हा वाटलं, तो सर बरोबर बोलला होता. अजून वाटतं कधी कधी. डिसेक्शन हॉलमध्ये सगळे फटाफट उत्तरं देतात तेव्हा वाटतं.

पण एक गोष्ट मला आता पक्की कळलीय. रिकाम्या वॉर्डात शिकलेला डॉक्टर पुढच्या रांगेतल्या लोकांच्या घरी जात नाही. त्यांना माहिती असते. तो आमच्या वस्तीत गाळा घेतो, बाहेर बोर्ड लावतो आणि आयुष्यात पहिल्यांदा सुई धरतो ती आमच्या लेकरांच्या दंडात. आमच्यातल्या पोरीला असं अर्धवट शिकवून आमच्याच माणसांवर सोडायचं, आणि वर उपकार म्हणायचं.

ती डॉक्टर मी होणार नाही. नापास करा, पुन्हा बसेन.