शाप लिहिला, उःशाप राहिला

“मिशी काढायची? मी अजून जिवंत आहे!”

कल्याणला आपल्या घराच्या ओसरीवर बाळा गवयाचे वडील, तात्या, माझ्या अंगावर ओरडले. त्या आवाजानं आगगाडी स्टेशनातच पाच मिनिटं थबकली, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मीच.

भानगड अशी. मी नाटक कंपनीत नायक, आणि नाटकंही मीच लिहायचो. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करत. अशा नटाला स्त्रीपार्टी म्हणत. आमचा स्त्रीपार्टी ऐन वेळी दुसऱ्या कंपनीत पळाला. ठाण्याचा खेळ चार दिवसांवर. मालकांनी बजावलेलं, “हा खेळ पडला तर कंपनी बंद.” म्हणून मी त्या जागी बाळाला मागायला आलो होतो; त्याचा गळा असा, की तान घेतली तर खाडीतलं गलबत वाट चुकेल. पण ओठावर मिशी! आणि बाप हयात असताना मिशी उतरवणं म्हणजे बाप गेल्याची दवंडीच.

“तात्या, नाटकापुरती हो.”

“मग मीही नाटकापुरता मरू काय रे?”

शेवटी बाळा मिळाला, पण मिशीसकट. मालक म्हणाले, “लेखक ना तुम्ही? मग लिहा काहीतरी!”

लिहिलं. पहिल्या अंकात घुसवलं: राजकन्येला ऋषीचा शाप, ओठावर मिशी उगवेल, खरा प्रियकर भेटला की गळून पडेल. पुढचं नाटक होतं तसंच ठेवलं.

खेळाला अर्धं ठाणं मांडवात, उरलेलं अर्धं मांडवाच्या बांबूंवर. तात्या पहिल्या रांगेत, मिशीच्या राखणीला. मिशीवाल्या नायिकेनं तीन वन्समोअर घेतले. शेवटी राजा झालेल्या मी तिला माळ घातली. सुटलो, म्हटलं. तेवढ्यात मिठागरावरचा एक जण ओरडला, “आरं राजा, मिशी कवा गलनार?”

ते मी लिहिलंच नव्हतं! बाळा पदराआडून कुजबुजला, “अहो, आता?” मी वेळ काढायला त्याची हनुवटी उचलू गेलो, तर तात्या काठी घेऊन थेट स्टेजवर.

“खबरदार मिशीला हात लावशील तर!”

मी तिथंच लोटांगण घातलं. “ऋषिवर! आपण स्वतः आलात? शाप कायम तर कायम, मला ही अशीच मान्य आहे!”

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. वन्समोअरला तात्यांनी पुन्हा काठी उगारली, ती मात्र चांगली हौसेनं.

कंपनी तरली. तात्या पुढं सात वर्षं ऋषी झाले आणि मानधनापेक्षा टाळ्यांवरून जास्त भांडले.

नव्या लेखकांना एवढंच सांगतो: शाप द्याल तेव्हा उःशाप फळायचा प्रवेशही आधी लिहून ठेवा. दर खेळाला असा तापट बाप मिळत नाही.