मोंबासाची पहिली भाकर

माझी धाकटी जाऊ सुकन्या मोंबासाला निघाली तवा सगळी आळी एकच विचारत व्हती, "नवऱ्याच्या आदी बाई कशी काय जाती?" मी म्हणलं, आगं बायांनो, आमच्या धनगराच्या घरात आणि काय व्हतं? मेंढरांचा तळ हलला की बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं जातात, चूल मांडतात. गडी मेंढरं चारत दिवस कलताना मागनं येतात. आमची सासू आमच्या मंद्रूप गावापासनं कुटं कुटं अशीच हिंडली. मल्हारभावजींचे, म्हंजे सुकन्याच्या नवऱ्याचे, कागद अजून व्हायचे व्हते, ते मागनं जाणार. त्यात नाक मुरडण्यासारखं काय हाय?

सुकन्या सोलापुरात युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागली आणि बघता बघता अख्ख्या लाइनीची सुपरवायझर झाली. कुणी कॉलर वाकडी लावली की लांबनंच वळखायची. तोंडानं फटकळ, पर हाताखालच्या पोरी तिच्यावर जीव टाकायच्या. मालकाच्या वळखीच्या माणसानं तिकडं आफ्रिकेत, समुद्राकाठी मोंबासाला कारखाना काढला आणि पोरींना शिकवायला हीच बाई पायजे म्हणला. हिनं एका शब्दात व्हय म्हणलं. इमान आतनं कसं असतं तेबी बघितलं नव्हतं बयेनं!

माझा जीव अडकला व्हता तो संस्कृतीत. सुकन्याची लेक, चार वर्साची. आई मशीनवर, पोरगी माझ्याकडं. मला मूल न्हाय. तिला न्हाऊ घातलं मी, बोलायला शिकवलं मी, "मोठीआई" म्हणून माझ्याच गळ्यात पडायची. मी सरळ भांडले. "तुला जायचं तर जा. लेकराला कशाला फरपटतीस? तितं तिला कोण हाय?"

"मी हाय की," सुकन्या म्हणली.

भांडण लई झालं. शेवटी तिनंच तोडगा काढला. "आक्का, दिवाळीपतुर बघू. पोरगी तितं रमली न्हाय, खाईना झाली, तर मी सोता तुमच्याकडं आणून सोडीन. शब्द हाय माझा." तिचा शब्द म्हंजे काळ्या दगडावरची रेघ. मी पोरीचं गाठोडं बांधायला घेतलं.

संस्कृती खायला लई नखऱ्याची. ज्वारीची भाकर, शेंगाची चटणी, दही, बास. भात दिसला तरी तोंड फिरवती. म्हणून मी कडक भाकरींची चळतच बांधून दिली. आमच्या कोरड्या हवेत कडक भाकर महिनोन्महिने पापडावानी राहती. मला काय ठावं तिकडची हवा कशी! आठवड्यातच भाकरी मऊ पडल्या, वर हिरवी बुरशी चढली. धुतलेली चादर वाळत न्हाय तितं भाकर काय टिकणार?

पोरीनं अन्न सोडलं. दूध प्यायची, केळं कुरतडायची. व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसायचे. सुकन्याचा आवाज पयल्यांदा बारीक झालेला ऐकला मी. "आक्का, दिवाळीची वाट कशाला बघू? तिकिटाचं बघते."

खोटं कशाला बोलू, मला मनातनं उकळ्या फुटल्या. संस्कृतीचं छोटं ताट माळ्यावरनं काढलं, चिंचेनं घासलं, भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत तिचा फोन. "आक्का, हितं बाजारात ज्वारीचं पीठ घावलं! शेजारच्या बाईनं दाखवलं. तांबडं हाय, हिकडची माणसंबी खातात. पर थापायला गेलं की भाकर फुटतीया. तव्यावर टाकस्तवर तुकडे. काय करू?"

फोनात दिसलं, ओट्यावर फुटक्या भाकरींचा ढीग, आणि परातीपाशी संस्कृती, पिठानं माखलेली, बोटं चाटत.

आमच्या घरात मशीन तिची, चूल माझी. तिनं कवा पिठात हात घातला? मला मात्र बघताच कळलं. पिठाला जिगट न्हाय, चिकटपणा न्हाय, त्याला उकळतं पाणी पायजे. एवढी एकच गोष्ट. आणि ती मी सांगितली न्हाय, तर पोरगी माझ्या कुशीत.

"आक्का, ऐकू येतंय का?" सुकन्या विचारतीया. मी ताटाकडं बघितलं. मग परत फोनात बघितलं. पोरगी कच्चं पीठ खात व्हती. उपाशी गं, उपाशी.

"आगं येडे," मी वरडले, "गार पाण्यात मळतीस व्हय! पाणी खळखळ उकळू दे. पिठात वत, उलथन्यानं हलव, झाकून ठेव. मग हाताला सोसंल तसं मळ, लई मळ. आणि थापताना घाई करू नगं!"

तिनं फोन डब्याला टेकवला. मी हितनं वरडत राहिले, ती तितं थापत राहिली. भाकर तव्यावर गेली, वरनं पाणी फिरवलं, उलटली आणि टम्म फुगली. सुकन्यानं पयला तुकडा मोडून खिडकीत ठेवला. नव्या तळावर पयल्या भाकरीचा पयला तुकडा त्या जागेच्या देवाला, ही आमच्या सासूची रीत. मला वाटलं व्हतं ही इसरली असंल. दुसरा तुकडा चटणी लावून पोरीला दिला. तिनं खाल्ला आणि परत हात पुढं केला.

मी पदरात तोंड घालून रडले. पोरगी आता येत न्हाय म्हणून रडले, आणि तिचं पोट भरलं म्हणूनबी.

"मोठीआई, तू कवा येणार?" भरल्या तोंडानं संस्कृतीनं विचारलं.

मी ताट उचललं, पुसलं आणि पिशवीत घातलं. मग आमच्या ह्यांना हाक मारली. "आवं, मल्हारभावजींसोबत माझेबी कागद करा. महिनाभर तुमीच थापा भाकरी. मागनं गडीच जातो असं कुटं लिवलंय?"